सतरावा फर्मा

आत्याने आयुष्यात एकही कादंबरी पहिल्या पानापासून वाचलेली नव्हती.

बांधणीच्या कारखान्यात जन्म गेला तिचा. छापखान्यातून मोठाले ताव येतात, एका तावाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो, आणि छापखाना ज्या क्रमाने ताव पाठवील त्या क्रमाने ती वाचते. कधी नववा आधी, कधी दुसरा. भांडण आधी, ओळख मागाहून. तिला त्याचं काही वाटत नसे. माणसंसुद्धा आपल्याला मधूनच भेटतात, असं ती म्हणायची.

या वेळी पहिला आला तो सतरावा. शेवटचा.

त्यात एक तरुण मुलगा मरत होता. जन्माला आला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हणून मिरवलेला, पुढे घर सोडून मुलगा म्हणून जगायला गेलेला. दोनशे सत्तावन्नाव्या पानावर आजारी, दोनशे चौसष्टाव्या पानावर गेलेला. उरलेली आठ पानं त्याची आई त्याला आंघोळ घालते, जुना फ्रॉक त्याच्या अंगावर पसरते, लहानपणीच्या नावाने हाक मारते. बाहेर आभाळ भरून येतं.

घराचं दार निळं होतं. दाराची कडी उलटी बसवलेली होती.

आत्याने घडी घालायची हाडाची पट्टी खाली ठेवली आणि मान वळवून दादाच्या घराच्या दाराकडे पाहिलं. कारखान्याला लागूनच ते घर. दार निळं. कडी उलटी, दादानेच एकोणीस वर्षांपूर्वी बसवलेली, आणि वहिनीने एकोणीस वर्षं त्यावरून टोमणे मारलेले.

•

कागद कापल्यावर कडेच्या लांब पट्ट्या उरतात, दोन बोटं रुंद. आत्या त्यांवर लिहायची. पट्टी अरुंद, म्हणून ओळी तोकड्या.

*फर्मा १७.*
*मेला.*
*कशाने मेला?*
*बाई सांगत नाही.*
*नुसता फिका पडत गेला.*
*परीट आहे का मृत्यू.*

*फर्मा ९.*
*रडतो. गच्चीवर.*
*फर्मा १२.*
*रडतो. बसमध्ये.*
*फर्मा ५.*
*आरशात बघतो.*
*फर्मा ६.*
*अजून आरशातच.*

*फर्मा ३, पान ४१.*
*हे खरं आहे.*
*हे कसं सुचलं बाईला?*
*बरोबरची खूण.*

अख्ख्या पुस्तकात ती एकच बरोबरची खूण.

•

"कुठला वॉर्ड?" सिस्टरने विचारलं.

सिस्टर म्हणजे आत्याबरोबर एका घरात बावीस वर्षं राहणारी परिचारिका. घरचे तिला 'आत्याकडची सिस्टर' म्हणत, त्यापुढे कोणी काही विचारत नसे, आणि न विचारणं हा आपला मोठेपणा आहे असं सगळ्यांना वाटे. सकाळची ड्यूटी करून ती दुपारी पाय बादलीत सोडून बसे आणि आत्या तिला फर्मे वाचून दाखवी.

"वॉर्ड लिहिलेला नाही."

"ताप किती?"

"'तापाने त्याचं कपाळ चंद्रासारखं झालं होतं.'"

"चंद्र म्हणजे किती? एकशे दोन की एकशे चार?" सिस्टरने पाय दुसऱ्या बाजूला घेतले. "सलाईन लावलं होतं का? नातेवाइकांना बाहेर कोणी काढलं नाही? आणि आईला आंघोळ कोण घालू देतं? आमच्याकडे घालून दाखवा म्हणावं."

आत्या हसली नाही. तिने बोटं मोडून मोजायला सुरुवात केली. चौतीस वर्षांत आपल्यासारख्यांवरच्या सात कादंबऱ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. पहिलीतल्या दोघी नदीत गेल्या. दुसरीतली एक वेडी झाली, दुसरी तिला भेटायला जायची. तिसरीतला परदेशी गेला, म्हणजे लिहिणाऱ्याला पुढचं सुचलं नाही. चौथीत सगळं स्वप्न निघालं. पाचवीत तोच खुनी. सहावीत तिचं लग्न लावून दिलं आणि शेवटच्या पानावर तिला बाळ झालं, म्हणून सगळे खूश. सातवी ही.

"एकाही पुस्तकात नळ गळत नाही गं," आत्या म्हणाली. "एकाही पुस्तकात कोणी म्हणत नाही की भाजीत मीठ जास्त पडलंय, टॉवेल ओला का ठेवलास. बावीस वर्षं आपण टॉवेलावरून भांडतोय. ते कोणी लिहीत नाही. आपण मेलो की मात्र यांची लेखणी वळवळते."

"टॉवेल तू ओला ठेवतेस," सिस्टर म्हणाली.

"विषय बदलू नकोस. हा आपला पक्कड आहे."

पक्कड म्हणजे दादा-वहिनींचं एकुलतं एक अपत्य. रांगायच्या वयात हातात धरलेलं काही सोडायचं नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, आणि पुढे सगळं बदललं तरी तेवढं टिकलं, कारण ते मुलीलाही चालत होतं आणि मुलालाही. दोन वर्षांपूर्वी त्या निळ्या दारात उभं राहून तो म्हणाला होता, मी मुलगा आहे, आता तुम्ही ठरवा. वहिनीने ठरवलं ते असं की त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायचा, दादा महिन्यातून एकदा 'पुठ्ठा बघायला' म्हणून त्याला भेटून यायचा. मागच्याच महिन्यात त्याने दादाला बूट घेऊन दिले होते. तो काही फिका पडत नव्हता.

•

"वन्सं, तुम्ही वाचलंत?" वहिनी दुसऱ्या दिवशी म्हणाली. ती खिडकीशी उभी होती, हातात सतराव्या फर्म्याची अख्खी थप्पी, डोळे सुजलेले. "मी तर कालपासून... किती समजून घेतलंय हो त्यांनी आईचं मन."

"कोणी?"

"लेखिकाबाईंनी. मागच्या वर्षी त्यांचं ते दुसरं पुस्तक बांधायला आलं होतं ना, तेव्हा रोज यायच्या. चहाला बसायच्या. मला म्हणाल्या, बोला, मोकळ्या व्हा. झाले मी मोकळी." वहिनीने पदराने नाक पुसलं. "या घरात मला कोणी विचारलं होतं?"

हे मात्र खरं होतं. कोणी विचारलं नव्हतं. आत्याने ते गिळलं, पण राग त्याहून मोठा होता.

"वहिनी, त्यांनी तुमच्या पोराला मारलंय."

"मारलंय काय? गेलाय तो. त्या आईने त्याला शेवटी जवळ घेतलं, ते बघा ना."

"मेल्यावर."

"घेतलं ना पण."

"तुमचं पोर जिवंत आहे. बारा नंबरच्या बसने पाऊण तासावर राहतं. त्याला जवळ घ्यायला फ्रॉक लागत नाही, आंघोळ लागत नाही. फोन लागतो."

"तुम्हाला काय कळणार आईचं."

"नाही कळणार. मला एवढंच कळतं की तुम्ही कागदाच्या पोरासाठी दोन दिवस रडताय आणि हाडामासाच्या पोराला दोन वर्षांत ओ दिली नाहीत. मेलेला बरा वाटतो का? उलटून बोलत नाही म्हणून?"

वहिनी वळली. थप्पी छातीशी धरून गेली आणि लांब टेबलावर जिथे रिकामी जागा दिसली तिथे ती आदळून खाली उतरली.

दादा कटिंग मशीनवरून सगळं ऐकत होता. त्याचं नेहमीचं धोरण असं की मशीन चालू असलं की बहिरं व्हायचं.

"बघितलंस?" आत्या त्याला म्हणाली.

"तू जरा जास्तच बोललीस."

"आणि तू दोन वर्षं कमी बोलतोयस. बेरीज बरोबर आहे."

•

आता जे झालं ते फक्त याच घरात होऊ शकतं.

लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या क्रमाने मांडतात, एक ते सतरा. टेबलाभोवती फिरायचं, प्रत्येक थप्पीतून एक उचलायचा, फेरी पूर्ण झाली की पुस्तक जमलं. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, प्रत्येकीची थोडी खाली. सगळे एकत्र धरले की पाठीवर जिना दिसतो. जिन्याची पायरी तुटली की समजायचं, फर्मा चुकला. हा जिना बघायचं काम आत्याचं. चौतीस वर्षांत तिच्या हातून तुटकी पायरी गेलेली नव्हती.

त्या दिवशी रिकामी जागा होती ती सातव्या आणि आठव्याच्या मध्ये.

वहिनी रडत फेऱ्या मारत होती आणि उचलत होती. दादा गप्प राहून उचलत होता. आत्या समोर येईल ते पुस्तक ठोकून सरळ करत होती आणि मनातल्या मनात लेखिकाबाईला एकेक वाक्य ऐकवत होती, इतकी जोरात, की तिने जिन्याकडे पाहिलंच नाही. अकराशेंपैकी पहिल्या तीनशे प्रती. शिवल्या, पाठीला सरस लावला, दादाने कडा कापल्या.

•

शनिवारी सकाळी त्या तीनशे प्रती कव्हर चढवायला खाली पाठवल्या आणि मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. कंपनीचा माणूस म्हणाला, मंगळवार. लेखिकाबाई दुपारी पहिल्या प्रती बघायला येणार होत्या. दादा जिन्यात गेला, कोणाशी तरी हळू आवाजात बोलला, परत आला.

"येतोय एकजण," तो म्हणाला.

वहिनीने विचारलं नाही कोण. तिला कळलं होतं. ती सुया लावायच्या गादीतल्या सगळ्या सुया काढून पुन्हा लावत बसली.

पक्कड आला. खांद्याला पिशवी, बाहीला ग्रीस, हनुवटीवर चार दिवसांची खुरटी दाढी. "आत्या, वजन काय भरलंय हे? हत्ती चढवलेत?" म्हणाला, आईकडे एकदा पाहिलं, आई सुया लावत होती, तो वर मशीनरूममध्ये गेला. हाताने चाक फिरवून त्याने लिफ्ट मजल्याला आणली, सगळ्यांनी मिळून प्रती उतरवल्या.

"मोटर तापलीये. वीस मिनिटं हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि खोक्यावर बसला. बसल्या बसल्या त्याने हाताला आलेली एक प्रत उघडली. कव्हर नाही, नाव नाही. मधूनच उघडली.

आत्या पुढे झाली. "ते ठेव. तसलं काही वाचण्यासारखं नाही."

"राहू दे की. वीस मिनिटं काय करू?"

हातात धरलेलं सोडायचं नाही, ते काही गेलं नव्हतं. तो वाचत राहिला. मग तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून.

"आत्या, हा मेला ना? आईने आंघोळबिंघोळ घातली. आणि पुढच्या पानावर उठून बसच्या तिकिटासाठी सुटे मागतोय."

आत्याने प्रत त्याच्या हातातून घेतली. एकशे बारा. दोनशे सत्तावन्न. दोनशे बहात्तर. एकशे तेरा. तिने दुसरी उघडली. तिसरी उघडली. मग खाली बसली.

"जिना," ती म्हणाली. "मी जिना बघितला नाही."

"मला तर असंच बरं वाटतंय," पक्कड म्हणाला. "मरून झाल्यावर पुढे एकशे चव्वेचाळीस पानं जगतो बिचारा. पण एक सांग, हा करतो काय? एवढी पानं चाळली, हा कधी कामावर गेलाच नाही. भाडं कोण भरतं याचं?" बोलता बोलता तो दुसरी प्रत पुढून चाळत होता. चाळता चाळता थांबला.

आत्याला दिसलं, पान एक्केचाळीस.

तो ते एकदा वाचून थांबला नाही. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचायला लागला, आवाजात काहीही न आणता, जसा सामानाची यादी वाचावी तसा.

"'रोज दुपारी तो कागदाच्या पट्टीवर आपलं खरं नाव लिही, आणि ती पट्टी कापायच्या गठ्ठ्यात मध्येच सरकवून ठेवी. बाप दांडा ओढी. नाव कापलं जाई. कोणाला दिसत नसे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिही.'"

मशीन बंद होतं, त्यामुळे दादाला बहिरं होता आलं नाही.

"हे..." दादा म्हणाला. "हे इथलं आहे?"

"सातवीपासून. तीन वर्षं."

"मी कापत होतो?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. म्हणून तर तुमच्या गठ्ठ्यात ठेवायचो."

दादाने दांड्यावरचा हात काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

"मी हे जगात एका माणसाला सांगितलं होतं," पक्कड म्हणाला. अजून तो आईकडे बघत नव्हता. "दोन वर्षांपूर्वी, त्या रात्री. वाटलं, हे ऐकल्यावर तरी काही बोलेल. बोलली नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही. ऐकलं होतं तर. नीट ऐकलं होतं. सांगायला भलतीच बाई सापडली, एवढंच."

आत्याच्या कानामागे ऊन लागल्यासारखं झालं. सात पुस्तकांत आणि सतरा फर्म्यांत तिने एकाच जागी बरोबरची खूण केली होती, आणि ती नेमकी चोरीच्या मालावर.

•

लेखिकाबाई दोन वाजता आल्या. चांगल्या बाई होत्या त्या, हीच पंचाईत. मऊ बोलायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या. आत शिरल्या शिरल्या त्यांनी वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले.

"वाचलंत?"

वहिनीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"मी लिहिताना रडले हो. शेवटचं प्रकरण तर एका बैठकीत." मग त्यांना जमिनीवर पसरलेल्या प्रती दिसल्या. "अजून कव्हरं नाहीत?"

"लिफ्ट बंद आहे," दादा म्हणाला. "आणि एक फर्मा चुकलाय. उसवून पुन्हा करावं लागेल."

"अरेरे." त्यांनी खोक्यावर बसलेल्या पक्कडकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. ग्रीस, दाढी, बूट. "तुम्ही लिफ्टचे का? किती वेळ लागेल अजून?"

दोनशे बहात्तर पानं. त्याचे डोळे, त्याचं कपाळ, त्याचं मन, सगळं लिहून झालं होतं त्यांचं, आणि समोर बसलेला माणूस त्यांना ओळखू येत नव्हता.

आत्याच्या तोंडात चार दिवसांची वाक्यं तयार होती, घासून धार लावलेली. तिने पहिलं बाहेर काढायला श्वास घेतला, आणि तिला दिसलं की वहिनी आपले हात सोडवून घेते आहे. आधी एक, मग दुसरा. आत्याने श्वास तसाच सोडला. आपण बोललो तर वहिनीला पुन्हा बोलावं लागणार नाही, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुचलं.

"बाई," वहिनी म्हणाली, "हा माझा मुलगा. तुम्ही मारलात तो."

लेखिकाबाईंचा चष्मा कपाळावरून खाली आला.

"अहो, ती कादंबरी आहे. तो तुमचा मुलगा नाहीये. मी कितीतरी लोकांचं मिळून..."

"एक्केचाळिसावं पान कितीतरी लोकांचं नाही," पक्कड म्हणाला. "ते काढा."

"ते पान पुस्तकाचा प्राण आहे. वाचणाऱ्यांना त्या एका पानावर तुमच्याबद्दल माया वाटेल."

"मला नकोय ती. मी रोज अनोळखी इमारतींत जातो, लोक मला मशीनरूमची किल्ली देतात, मी काम करतो, सही घेतो, निघतो. मला एवढंच हवंय. उद्या हे वाचलेला कोणी किल्ली देताना डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघेल."

"पण छापून झालंय. आता कसं..."

"होतं," आत्या म्हणाली. हे तिच्या कामातलं होतं, इथे ती बोलू शकत होती. "पान मुळाशी अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायचं. नवीन छापून त्या पट्टीला चिकटवायचं. अकराशे प्रती, हाताने. मागचं बेचाळिसावं पान तेवढं सोबत बदलेल. तुम्ही फक्त दोन पानांचा मजकूर द्या. आणि तिथे त्याला कामावर पाठवा जरा, बिचारा घरात बसून आरशात बघून कंटाळलाय."

"मी असं दडपणाखाली लिहीत नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. आवाज अजून मऊच होता, पण मान ताठ झाली होती. "तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत, वहिनी. मी विश्वासानेच लिहिलं."

"मी सांगितलं ते माझं नव्हतंच," वहिनी म्हणाली. "माझं जेवढं आहे तेवढं ठेवा. दार ठेवा, कडी ठेवा. आई वाईट होती, तेही ठेवा, चांगली केलीत ती काढा. याचं परत द्या."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मग कटिंग मशीनकडून आवाज आला, आणि तो दादाचा आहे हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला.

"तर ताव परत घेऊन जा. दुसरीकडे बांधा. मी त्या पानावर पुन्हा दांडा ओढणार नाही."

लेखिकाबाईंनी पक्कडकडे पुन्हा पाहिलं, या वेळी जरा कमी वेळ, आणि पर्स उचलली. प्रकाशकांशी बोलते म्हणाल्या. उद्या कळवते म्हणाल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज दोनदा थांबला आणि दोनदा पुढे गेला.

"नाही देणार ती," आत्या म्हणाली.

"देईल," दादा म्हणाला. "अकराशे प्रतींच्या घड्या घालून झाल्यात. कोण घेतंय दुसरं?"

पक्कड वर जाऊन आला. लिफ्ट एकदा खाली, एकदा वर चालवून पाहिली. पिशवीत पान्हे भरले. वहिनीने कातरी घेऊन पहिल्या प्रतीचा दोरा उसवायला घेतला होता. मान वर नव्हती.

"मी सगळं विसरून आलोय असं कोणी समजू नका," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते सगळ्यांना कळलं. "लिफ्ट बंद होती म्हणून आलो. सोमवारी कामावरून सुटलो की येईन. पान बदललंय का ते बघायला."

वहिनीची कातरी थांबली.

"किती वाजता सुटतोस?"

दोन वर्षांनंतरचा पहिला प्रश्न.

"सहाला."

"सहापर्यंत अकराशे होणार नाहीत."

"जेवढी झाली असतील तेवढी बघीन."

"एकेक उघडून?"

"एकेक उघडून," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून जिन्याने उतरला.